चाळीस हजार डॉक्टरांची साक्ष

१/ दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू झपाट्याने वाढत होते. रस्त्यावरचे डांबर आणि मोटारींचा धूर यांवर संशय होता. सिगारेट मात्र इतकी सर्वसामान्य झाली होती की तिच्यावर आळ घ्यावा असे फारसे कोणाला वाटत नव्हते.

२/ डॉ. रिचर्ड डॉल आणि संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या २० रुग्णालयांत चौकशी आरंभली. स्वतः डॉल यांचा कल डांबराकडे होता.

३/ १९५० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हा कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे अवघे २ होते. तुलनेसाठी घेतलेल्या तितक्याच इतर रुग्णांत २७. ज्यांचे कर्करोगाचे निदान पुढे चुकीचे ठरले, त्यांच्या सवयीही या दुसऱ्या गटासारख्याच निघाल्या. काम पूर्ण होण्याआधीच डॉल यांनी सिगारेट सोडली.

४/ तरीही शंका उरल्या. म्हणून १९५१ मध्ये क्रम उलटा केला: निरोगी माणसांच्या सवयी आधी नोंदवायच्या आणि मग वाट पाहायची. ब्रिटनमधील डॉक्टरांना प्रश्नावली पाठवली. ४०,००० हून अधिक उत्तरे आली. १९५४ पर्यंत त्यांच्यातील मृत्यूंनीच निवाडा दिला.

५/ त्याच वर्षी आरोग्यमंत्री इयन मॅक्लाउड यांनी पत्रकार परिषदेत हा संबंध मान्य केला. ते सांगताना ते स्वतः सिगारेट ओढत होते.

६/ पुढे यांतील अनेक डॉक्टरांनी धूम्रपान सोडले, आणि सोडल्याने काय साधते याचाही पुरावा त्यातून मिळाला. २००४ मध्ये ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा ५० वर्षांचा हिशेब मांडला गेला. धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांचे आयुष्य सरासरी १० वर्षांनी घटले होते. साठीत सोडणाऱ्यांना सुमारे ३, पन्नाशीत ६, चाळिशीत ९ वर्षे परत मिळाली. तिशीत सोडणाऱ्यांना जवळजवळ सर्व १०.

७/ मग सोडणे अवघड का? व्यसन निकोटिनचे असते. कर्करोग होतो तो मुख्यतः धुरातील इतर विषांमुळे. हा भेद ओळखून स्वीडनमध्ये निकोटिनचे च्युइंगगम तयार झाले: धूर बंद करायचा, निकोटिन हळूहळू कमी करायचे. डॉक्टरांचे समुपदेशन आणि असे औषध यांची जोड मिळाली की यशाची शक्यता वाढते. भारतात १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर असे समुपदेशन मिळते.

८/ २००४ चा तो निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा सदतिशीच्या आसपास सिगारेट सोडलेले रिचर्ड डॉल ९१ वर्षांचे होते.