साइडपट्टी

आमच्या गावच्या रस्त्याचं रुंदीकरण सुरू झालं. जेसीबीनं डांबराच्या कडेला बॉक्स कटिंग केलं, मांडीभर खोल चर खणला, आणि एवढी वर्षं ज्यावरून ये-जा केली तो रस्ता पहिल्यांदाच आतून दिसला. मी चरात उतरलो. सुपरवायझरला वाटलं, जमिनीच्या मोबदल्याची तक्रार घेऊन कुणीतरी आलंय. मी थर मोजत होतो.

वर बोटभर जाडीचं कार्पेट. त्याखाली डांबरात बांधलेली खडी, म्हणजे बीबीएम. मग पुन्हा जुनं कार्पेट, पुन्हा बीबीएम. अशा तीन जोड्या, भाकरीच्या पापुद्र्यांसारख्या. त्याखाली करड्या खडीचा थर आणि तळाशी डोक्याएवढे दगड, एकाला एक चिकटून उभे लावलेले. हे सोलिंग. त्याच्या खाली काळी माती.

या थरांपैकी एकही थर साइडपट्टीच्या वाट्याला आलेला नव्हता. जिथं खणलं नव्हतं तिथं ती डांबराच्या चांगली वीतभर खाली होती.

हे कसं होतं, ते बांधकाम खात्याच्या अंदाजपत्रकात सरळ वाचता येतं. ५० मिलिमीटर बीबीएम, २० मिलिमीटर कार्पेट, वर सीलकोट. म्हणजे एका दुरुस्तीत रस्ता पावणेतीन इंच वर येतो. 'मुरुमाच्या साइडपट्ट्या भरणे' ही बाबही त्याच कागदावर असते. पण मुरूम एकदा पसरला, रोलर कसाबसा फिरला, की पहिल्या दोन वळवांत निम्मा गटारात. डांबर राहतं, मुरूम जातो. तीन दुरुस्त्यांत वीत भरते. चकचकीत नव्या रस्त्यावर गावातली पोरं जास्त पडतात, याचं लोकांना नवल वाटतं. मला वाटत नाही.

पडतात ती अशी. समोरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन येतो, दुचाकीवाला डावीकडे सरकतो, चाक कडेवरून खाली उतरतं. इथवर काही बिघडलेलं नसतं. बिघडतं ते परत वर येताना. चाक डांबराच्या उभ्या कडेला घासत राहतं, चढत नाही. चालवणारा हँडल आणखी वळवतो, तरी चढत नाही. मग एकदम चढतं, आणि तेव्हा हँडल भलतंच वळलेलं असतं. दुचाकी आडवी होते. चारचाकी असेल तर रस्ता ओलांडून समोरच्याच्या अंगावर जाते. अमेरिकेत यावर साधा इलाज निघाला: डांबर घालतानाच कड उभी न सोडता तीस अंशांच्या उतारानं दाबून घ्यायची. चाक अलगद वर येतं. खर्च असा काही नाही, पेव्हरला एक जोड बसवायचा.

मुळात डांबर एवढं अरुंद का? इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबात एकपदरी रस्ता ३.७५ मीटरचा. ट्रक किंवा एसटी अडीच मीटरच्या आसपास रुंद. दोन ट्रक समोरासमोर आले की पाच मीटर लागणार, म्हणजे दोघांचंही एकेक चाक खाली उतरलंच पाहिजे. साइडपट्टी ही रस्त्याची शोभा किंवा पदर नव्हे. ती धरूनच रस्ता पुरा होतो. कोण उतरणार याचा रिवाज मात्र कुठल्या नियमावलीत सापडत नाही. ज्याची गाडी लहान तो उतरतो. सायकलवाला सगळ्यांसाठी उतरतो. एसटी १ जून १९४८ला पुणे-नगर मार्गावर पहिल्यांदा धावली. तेव्हापासून ती कुणासाठी खाली उतरलेली मी तरी ऐकलेलं नाही.

घरी येऊन आत्याला सांगितलं, सोलिंग उघडं पडलंय. ती लगेच म्हणाली, "दगड उभं हायती का आडवं?"

"उभे."

"मग आमचंच. मुकादम आडवा दगड दिसला की पायानं उलथून टाकायचा."

बहात्तरच्या दुष्काळात ती या रस्त्यावर होती. दिवसभर खडी फोडायची, ढीग लावायचा, ढिगाचं माप घेतलं की मजुरी, दुपारी सुकडी. महाराष्ट्रातले कितीतरी जिल्हा मार्ग आणि गावरस्ते त्या दुष्काळात असे हातांनी झाले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना त्याच काळात राज्यभर पसरली आणि १९७७मध्ये तिचा कायदा झाला. त्याआधीच्या एका मोठ्या दुष्काळातही, १८७६ ते ७८मध्ये, दख्खनच्या माणसांनी सरकारी कामांवर खडीच फोडली होती. खडीचे ढीग कायम साइडपट्टीवर पडायचे. आत्याच्या लेखी साइडपट्टी म्हणजे बसून काम करायची जागा.

उभे दगड लावायची रीत मात्र तिच्या मुकादमाची नव्हती. टेलफर्ड नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरची ती रीत, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. त्याचाच समकालीन आणि स्कॉटिशच असलेला मॅकॅडम म्हणायचा, मोठे दगड हवेत कशाला? खालची माती कोरडी ठेवा, वर बारीक फोडलेली खडी घाला, सहा औंसांहून जड तुकडा नको. त्या दोघांचं पटलं नाही. आमच्या चरात मात्र टेलफर्ड खाली आणि मॅकॅडम वर, दोघंही गुण्यागोविंदानं नांदताना दिसले.

मॅकॅडमच्या खडीचं गणित बसलं होतं गाडीच्या लोखंडी धावेवर. धाव खडी भरडते, पूड फटींत बसते, पाऊस पडला की सगळं आवळून येतं. बोरघाटातून १८३०मध्ये गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा घाटावर आणि कोकणात चालत होती ती हीच धाव. त्याआधी घाटांतून लमाणांचे बैल पाठीवर गोण्या घेऊन उतरायचे आणि देशावर गाड्या चाकोरीतून चालायच्या. चाकोरी म्हणजे धावेनंच मातीत कोरलेल्या दोन खोल रेघा. आज 'चाकोरीबाहेर' म्हटलं की आपल्याला धाडस वगैरे आठवतं. गाडीवानाच्या लेखी चाकोरीबाहेर जाणं म्हणजे आख मोडून घेणं. वीतभर उतरलेल्या साइडपट्टीवर आज जे होतं, तेच.

मग रबरी टायर आले आणि हिशेब उलटला. रबर खडी भरडत नाही, पूड उडवतं. मोटार गेली की धुळीचा लोट आणि मागे मोकळी झालेली खडी. इंग्लंडात नॉटिंगहॅमशायरचा सर्व्हेयर हूली याला म्हणे १९०१मध्ये रस्त्यावर डांबराचं पिंप फुटलेलं दिसलं. कुणीतरी त्यावर भट्टीची मळी टाकून ते झाकलं होतं, आणि तेवढ्या तुकड्यावर धूळ नव्हती. त्यानं १९०२मध्ये पेटंट घेतलं. गोष्ट जरा फारच गोळीबंद आहे, पण पेटंट खरं आहे.

आपल्याकडे डांबराला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न १९२७मध्ये ज्या समितीपुढे आला तिचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. समितीनं सुचवलं, जो पेट्रोल जाळतो त्यानं रस्त्याचे पैसे द्यावेत. त्यातून गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर आला, रस्ते निधी उभा राहिला, १९३४मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस निघाली. पुढे १९४३मध्ये प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी रस्त्यांची उतरंड लावली. राष्ट्रीय महामार्गापासून गावच्या रस्त्यापर्यंत प्रत्येकाची पायरी ठरली. आमच्या किलोमीटरच्या दगडावरचं 'प्र.जि.मा.', म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग, तिथूनच आलेलं आहे.

पैसा थोडा आणि रस्ते लांब, म्हणून डांबर पडलं ते मधोमध, एका गाडीपुरतं. दक्षिण ऱ्होडेशियानं तर त्याच सुमारास काटकसरीची कमाल केली: फक्त दोन चाकांपुरत्या दोन डांबरी पट्ट्या, समोरून गाडी आली की एकेक पट्टी वाटून घ्यायची. आपण निदान मधली जागा भरली. डांबराच्या दोन्ही बाजूंचा मुरूम बैलगाड्यांना राहिला, आणि त्यांना तो मानवलाही. पत्री मारलेला बैल डांबरावर घसरतो, उन्हात पोळतो. मुरुमावर खूर रुततो. साइडपट्टी हे नाव नंतरचं. तेव्हा तीच खरी वाट होती आणि मोटार मधून जाणारी पाहुणी. पुढे डनलॉपच्या गाड्या आल्या, त्या सरळ डांबरावर चढल्या, आणि मुरुमाला कुणी धनी उरला नाही.

एक धनी होता: मैलकुली. खात्याचा माणूस, ठरलेल्या लांबीचा राखणदार. घमेलं-फावडं घेऊन तो कडेचा मुरूम ओढायचा, गटार मोकळं करायचा, झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारायचा. लहानपणी आम्ही त्याला हसायचो, दिवसभर माती इकडची तिकडे करतो म्हणून. हळूहळू मैलकुलीच्या जागा भरणं बंद झालं. रस्त्याचा कंत्राटदार असतो, कडेचा कुणी नसतो.

आता होतोय तो दहा मीटरचा रस्ता. सात मीटर गाड्यांना आणि दोन्हीकडे दीड-दीड मीटर पक्की साइडपट्टी, मुख्य रस्त्याच्याच पातळीत. रस्ता आणि साइडपट्टीच्या मध्ये पांढरी रेघ. या कडेच्या रेघेची कल्पना १९५०च्या दशकात अमेरिकेत जॉन डॉर या रसायनतज्ज्ञ उद्योजकानं लावून धरली. रात्री समोरून दिवे आले की माणूस डोळ्यांना आधार म्हणून मधली रेघ धरतो आणि नेमका धोक्याकडे सरकतो, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. कडेला रेघ दिली की नजर तिकडे जाते. कनेक्टिकटच्या मेरिट पार्कवेवर ती आखून पाहिली गेली. आमच्याकडे डोळ्यांवर प्रखर दिवे मारत येणारे ट्रक पाहता ही रेघ फार आधी यायला हवी होती.

चालणाऱ्यांचं काय, याचं उत्तर एका ठिकाणी तरी कागदावर आलं. पंढरपूरच्या दोन्ही पालखी मार्गांचं भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ला झालं, त्यात महामार्गालगत वारकऱ्यांसाठी वेगळी पायवाट धरलेली आहे. आमच्या प्र.जि.मा.वर वारी जात नाही. तिथून शाळेची पोरं जातात, मेंढरं जातात, चाऱ्याचा भारा डोक्यावर घेतलेल्या बाया जातात. दीड मीटर डांबर एकदा सपाट मिळालं की डावीकडून ओव्हरटेक मारणारेही त्यावरूनच जातात.

गेल्या आठवड्यात पहिला टप्पा खुला झाला. संध्याकाळी आत्याला स्कूटरवर मागे घेऊन गेलो. वळणाच्या अलीकडे पांढऱ्या रेघेबाहेर कुणीतरी मका वाळत घातला होता. गाडी वर चढू नये म्हणून भोवती दगडांची रांग, सगळे चरातून निघालेले, डोक्याएवढे. मका भरून नेला की दगड तिथंच राहतात आणि रात्री ते कुणाला दिसत नाहीत. मी दोन-चार उचलून गटाराकडे टाकले. आत्या स्कूटरवरूनच म्हणाली, "जरा लांब टाक. जड हाईत ती, मला म्हाईत हाय."