शॅडो मोटारशर्यत संघ : १९७७ चा हंगाम

फॉर्म्युला वन वर्गातील जागतिक अजिंक्यपदाच्या मोटारशर्यतींत १९७३ ते १९८० या काळात उतरलेला एक मध्यम दर्जाचा संघ. अमेरिकन उद्योजक डॉन निकल्स हा त्याचा संस्थापक. कार्यशाळा मात्र इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टन येथे होती. १९७७ च्या हंगामातील १७ शर्यतींत संघाच्या दोन गाड्या एकूण सात चालकांनी चालविल्या. त्याच वर्षी संघाला त्याच्या इतिहासातील एकमेव अजिंक्यपद-विजय मिळाला व त्याचा प्रमुख चालकही त्याच वर्षी मृत्यू पावला.

वेल्समधील टॉम प्राइस (१९४९–७७) हा संघाचा आधार होता. त्याचा जोडीदार इटलीचा रेन्झो झोर्झी ब्राझीलच्या शर्यतीत सहावा आला. ५ मार्च १९७७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे झोर्झीची गाडी बंद पडून सरळ मार्गाच्या कडेला थांबली व तिने किंचित पेट घेतला. ती विझविण्यासाठी दोन मार्शल मार्ग ओलांडून धावले. तेथील चढामुळे मागून येणाऱ्या चालकांना ते दिसत नव्हते. पुढील गाडीच्या चालकाने, हान्स श्टुकने, त्यांना कसेबसे चुकविले. त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या प्राइसला तेवढाही अवधी मिळाला नाही. फ्रेडरिक यान्सेन फान व्हूरेन हा १९ वर्षांचा मार्शल जागीच ठार झाला व त्याच्या हातातील अग्निशामक नळकांडे शिरस्त्राणावर आदळून प्राइसही मरण पावला. विझवावयाची आग क्षुल्लक होती, हे ध्यानात घेता या दुर्घटनेस केवळ दैव कारण मानता येत नाही. चालू शर्यतीत मार्ग ओलांडण्याची मोकळीक असणे, हेच तिचे मूळ होय. तीन वर्षांपूर्वी याच ठिकाणी सराव करताना शॅडोचाच पीटर रेव्हसन हा चालक मृत्युमुखी पडला होता.

प्राइसच्या जागी ॲलन जोन्स (१९४६– ) हा ऑस्ट्रेलियन चालक लाँग बीचच्या शर्यतीपासून आला. त्या वर्षी त्याला अन्य कोणत्याही संघात स्थान नव्हते. दुसऱ्या गाडीत मात्र स्थैर्य आले नाही. झोर्झीला स्पेनच्या शर्यतीनंतर जावे लागले व मोनॅको येथे २३ वर्षांच्या रिकार्दो पात्रेझेने पदार्पण केले. परंतु त्याच्या अनुपस्थितीत स्वीडनमध्ये संघाच्या व्यवस्थापनातील जॅकी ऑलिव्हर, ऑस्ट्रियात आर्तुरो मेर्झारिओ, तर अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेन येथे झां-प्येर झारिए यांना बसवावे लागले.

१४ ऑगस्ट रोजी ऑस्ट्रियात ओलसर मार्गावर शर्यत सुरू झाली. जोन्स चौदाव्या स्थानावरून निघाला होता. आघाडीवरील जेम्स हंटचे एंजिन अखेरच्या टप्प्यात निकामी झाले आणि निकी लाउडाला सुमारे २० सेकंदांनी मागे टाकून जोन्स जिंकला. हा विजय इतका अनपेक्षित होता, की ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रगीत वाजविण्याची सोयच संयोजकांकडे नव्हती. पुढे जोन्स इटलीत तिसरा, तर कॅनडा व जपानमध्ये चौथा आला. त्याने २२ गुण मिळविले. संघ २३ गुणांसह सातवा ठरला.

हंगामानंतर जोन्स विल्यम्स संघाकडे गेला व १९८० मध्ये जगज्जेता झाला. ऑलिव्हर, ॲलन रीस, अभिकल्पक टोनी साउथगेट इत्यादींनी बाहेर पडून ॲरोज हा संघ काढला व पात्रेझेही त्यांच्याबरोबर गेला. ॲरोजची पहिली गाडी शॅडोच्या आराखड्यांची नक्कल असल्याचा निर्णय लंडनच्या न्यायालयाने १९७८ मध्ये दिला. खटला निकल्सने जिंकला, पण गेलेली माणसे परत आली नाहीत. १९८० च्या हंगामाच्या मध्यावर शॅडोचे नाव शर्यतींतून नाहीसे झाले.