अतारांकित प्रश्न

लोकप्रतिनिधीने सरकारला विचारलेला आणि लेखी उत्तर मिळणारा प्रश्न. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नात ती सोय नाही. म्हणून त्याला दुय्यम मानतात, पण हा समज तपासून पाहायला हवा. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न स्वीकारले जातात. उदाहरणार्थ, धाराशिव जिल्ह्यात (पूर्वीचा उस्मानाबाद) विधानसभेचे अवघे चार मतदारसंघ आहेत: उमरगा, तुळजापूर, धाराशिव आणि परांडा. 2018 साली केंद्राच्या आकांक्षित (विकासात मागे राहिलेल्या) जिल्ह्यांच्या यादीत आलेल्या या भागाचे पाणी, पीकविमा, रेल्वे हे विषय तारांकितांच्या छोट्या यादीत रोज येणे अशक्यच. लेखी प्रश्नाने मात्र मंजूर रक्कम, प्रत्यक्ष खर्च आणि विलंबाचे कारण सरकारच्याच शब्दांत नोंदले जाते. सप्टेंबर 2020 मध्ये संसदेत प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला, तरी लेखी उत्तरे चालू राहिली.

आक्षेप असा की उत्तरे गुळमुळीत असतात. महाराष्ट्र विधिमंडळात प्रश्नाचा साचाच ‘हे खरे आहे काय’ असा. त्यावर ‘अंशतः खरे आहे’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणून सुटका करून घेता येते. आक्षेप खरा आहे, पण दोष बहुधा मोघम प्रश्नाचाही असतो. गाव, योजना, वर्ष आणि रक्कम नेमकी विचारली की ‘अंशतः’ कुठला अंश, हे सांगावे लागते. शिवाय दिलेल्या आश्वासनाचा पाठपुरावा आश्वासन समिती करते.