तुलनेची पंचमी आणि ‘माझ्यापेक्षां’ची संदिग्धता

इंग्रजीच्या परीक्षांत अशुद्ध वाक्यें शुद्ध करावयास देण्याचा प्रघात आहे व त्यांत तुलनेचीं वाक्यें वारंवार येतात. ‘मुंबईची वस्ती ठाण्याहून मोठी’ हें वाक्य शब्दशः इंग्रजींत नेलें तर वस्तीची तुलना ठाणें या शहराशीं होते, ठाण्याच्या वस्तीशीं नव्हे. म्हणून तेथें ‘ठाण्याच्या वस्तीहून’ या अर्थाचें पद घालावें लागतें. कुळगांव-बदलापुराकडील स्पर्धापरीक्षांस बसणारीं मुलें प्रस्तुत लेखकाकडे येतात, त्यांस हा नियम पाठ असतो. तरी चूक सुटत नाहीं. तिचें मूळ मुलांच्या आळसांत नसून मराठीच्या घडणींत आहे, व त्या घडणीचा जुने कागद वाचणारांशीं निकट संबंध पोंचतो.

प्रथम पाणिनीकडे पाहूं. अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांतील ४१ वें सूत्र निर्धारणाचें आहे. समुदायांतून त्यांतल्याच एकास निवडून काढावयाचें असेल, तर समुदायवाचक शब्दास षष्ठी किंवा सप्तमी लागते. लगतचें ४२ वें सूत्र सांगतें कीं, ज्याहून निवडावयाचें तो मुळांतच वेगळा असेल तर पंचमी योजावी. येथें काशिकाकारांनीं दिलेलें उदाहरण मार्मिक आहे. मथुरेचे रहिवासी पाटलिपुत्राच्या रहिवाशांहून अधिक सुकुमार, असा त्याचा आशय. पाटलिपुत्र या नगराहून सुकुमार, असें वृत्तिकार म्हणत नाहींत; नगरवाचक शब्दास तद्धित प्रत्यय लावून रहिवासी हा अर्थ साधतात व मगच पंचमी करितात. इंग्रजी परीक्षक मागतो तें हेंच. ‘तो वर्गांतील कोणत्याही मुलाहून उंच’ यांत ‘इतर’ हा शब्द कां हवा, याचेंही उत्तर याच दोन सूत्रांच्या सीमेवर आहे. मुलगा स्वतः वर्गांत मोडतो. त्यास वेगळा काढल्याखेरीज पंचमीस जागाच नाहीं. इंग्रजी व्याकरणाच्या मोठ्या ग्रंथांपेक्षां हीं दोन सूत्रें मला अधिक उपयोगीं पडलीं आहेत.

मराठींत तर-तम हे प्रत्यय तत्सम शब्दांपुरतेच राहिले. तुलनेचा सारा भार ‘हून’, ‘पेक्षां’ व जुना ‘परीस’ यांवर आला आणि पुष्कळसें श्रोत्याच्या समजुतीवर सोडलें गेलें. ‘अंबरनाथचें देऊळ सिन्नरहून जुनें’ असें आपण सहज म्हणतों. देवळावरील लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, सिन्नरचा गोंदेश्वर बहुधा बाराव्या शतकांतला. मनांतला अर्थ खरा आहे. परंतु अक्षरशः घेतल्यास वाक्य खोटें ठरतें, कारण सिन्नर हें यादवांचें आरंभींचें ठाणें या देवळाच्या आधीचें.

नामांच्या बाबतींत मराठीजवळ उपाय आहे. ‘रामाचा घोडा गोविंदापेक्षां चपळ’ आणि ‘गोविंदाच्यापेक्षां चपळ’ हीं दोन वाक्यें भिन्न होत. दुसऱ्यांत घोड्याशीं घोडाच ताडिला आहे. सर्वनामांत मात्र हा उपाय बुडाला. ‘माझ्यापेक्षां’ या रूपांत षष्ठीचें सामान्यरूप आधींच शिरलेलें आहे. ‘त्याचा कारकून माझ्यापेक्षां चतुर’ या (मीं रचिलेल्या) वाक्यांत मी उद्दिष्ट कीं माझा कारकून, हें रूपावरून कळत नाहीं. ‘त्याचें अक्षर माझ्यापेक्षां चांगलें’ याचें इंग्रजी करितांना मुलगा अक्षराची तुलना स्वतःशींच करून बसतो, तें यामुळेंच.

जुन्या भाषेंत ही अडचण इतकी नव्हती. ‘मजहून’, ‘तुजपेक्षां’, ‘आम्हांपरीस’ यांत मज, तुज, आम्हां हीं रूपें व्यक्तीचीं आहेत, मालकीचीं नव्हत. ‘मजपेक्षां’ म्हणजे मी स्वतः, आणि ‘माझिया’ आलें कीं माझी कांहीं वस्तु, असा भेद करावयास तेथें साधन होतें. नकलकारानें ‘मजपेक्षां’चें आपल्या बोलीप्रमाणें ‘माझ्यापेक्षां’ केलें कीं वाक्य दोन अर्थांचें होतें. आणि त्याचें भाषांतर करणारा त्यांतला एक अर्थ निवडून दुसरा कायमचा पुसून टाकतो. मोडी वाचतांना ‘ज’ व ‘झ्या’ यांकडे दुर्लक्ष करूं नये तें यासाठीं.

इंग्रजींतही हा घोळ नाहीं असें नव्हे. त्यांचा तुलनावाचक अव्ययशब्द मुळांत ‘तेव्हां’, ‘त्यानंतर’ या अर्थाचा. त्यापुढें सर्वनामाची कोणती विभक्ति यावी, हें अध्याहृत क्रियापदावरून ठरवावें, असें बिशप लाउथ यानें १७६२ च्या आपल्या व्याकरणांत सांगितलें. वाद तरीही चालूच राहिला. दुहेरी अतिशयार्थ तर शेक्सपियरनेंही वापरला आहे. आपल्याकडे केरीचें मराठी व्याकरण १८०५ त व दादोबा पांडुरंगांचें १८३६ त छापून निघालें. म्हणजे मराठीची ही बाजू इंग्रजी सांच्यांत तपासली जाऊं लागण्यापूर्वींच्या कागदांतलीं रूपेंच येथें खरा पुरावा होत.

ज्यांचे संग्रहीं त्या काळापूर्वींचीं अस्सल पत्रें व त्यांच्याच उत्तरकालीन नकला, दोन्ही असतील, त्यांनीं ‘मज-’ व ‘माझ्या-’ यांचीं तुलनेंतलीं स्थळें जुळवून पाहावीं, आणि छापतांना मूळ रूप न बदलतां तसेंच ठेवावें.