कर संकेतांक (युनायटेड किंग्डम)

कर संकेतांक म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये पगारदार आणि निवृत्तिवेतनधारक यांच्या उत्पन्नातून किती प्राप्तिकर कापावयाचा हे नियोक्त्यास कळविणारा अंक व अक्षरे यांचा संच होय. हा संकेतांक हिज मॅजेस्टीज रेव्हेन्यू अँड कस्टम्स, संक्षेपाने एचएमआरसी, हे शासकीय खाते ठरविते. नियोक्ता केवळ त्याची अंमलबजावणी करतो. संकेतांक कालबाह्य झाल्यास दरमहा चुकीची करकपात होत राहते. तो बदलून घेण्याची कार्यपद्धती चूक एचएमआरसीच्या नोंदीत आहे की नियोक्त्याच्या वेतनपत्रकात, यावर अवलंबून असते.

इतिहास

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्राप्तिकराची व्याप्ती वाढून सामान्य कामगारवर्ग प्रथमच मोठ्या संख्येने करदाता झाला. मागील उत्पन्नावरील कर नंतर वसूल करण्याची जुनी रीत या वर्गास जाचक ठरू लागली. त्यावर उपाय म्हणून ‘पे ॲज यू अर्न’ म्हणजे ‘कमवाल तसा कर भरा’ ही पद्धत ६ एप्रिल १९४४ पासून अमलात आली. तिला संक्षेपाने पीएवायई म्हणतात. या योजनेची घोषणा अर्थमंत्री सर किंग्जली वुड हे २१ सप्टेंबर १९४३ रोजी करणार होते; परंतु त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. योजनेच्या आखणीत पॉल चेंबर्स या अधिकाऱ्याचा प्रमुख वाटा होता. ते १९३५-३६ च्या भारतीय प्राप्तिकर चौकशी समितीचे सदस्य होते व १९३७ ते १९४० या काळात भारत सरकारचे प्राप्तिकर सल्लागार होते.

स्वरूप

ब्रिटिश करवर्ष ६ एप्रिल रोजी सुरू होऊन पुढील वर्षाच्या ५ एप्रिल रोजी संपते. संकेतांकातील अंकास दहाने गुणले असता त्या वर्षातील करमुक्त रकमेचा अंदाज येतो. २०२१-२२ या करवर्षापासून मूळ वैयक्तिक करमुक्त मर्यादा १२,५७० पौंड असल्यामुळे सर्वाधिक प्रचलित संकेतांक ‘१२५७ एल’ हा आहे. त्यापूर्वी २०१७-१८ मध्ये तो ‘११५० एल’, २०१८-१९ मध्ये ‘११८५ एल’ व पुढील दोन वर्षे ‘१२५० एल’ असा होता.

अक्षरांना स्वतंत्र अर्थ आहेत. ‘बीआर’ असल्यास करमुक्त रक्कम न देता संपूर्ण वेतनावर २० टक्के, ‘डी०’ असल्यास ४० टक्के व ‘डी१’ असल्यास ४५ टक्के कर कापला जातो. ‘०टी’ मध्ये करमुक्त रक्कम शून्य धरून नेहमीचे टप्पे लावतात. ‘के’ हे अक्षर आरंभी असल्यास करमुक्त रकमेपेक्षा वजावटी अधिक आहेत असा अर्थ होतो. आरंभी ‘एस’ असल्यास स्कॉटलंडचे व ‘सी’ असल्यास वेल्सचे दर लागू होतात. यात कर्मचाऱ्याचे निवासस्थान पाहिले जाते, कामाचे ठिकाण नव्हे. शेवटी ‘डब्ल्यू१’, ‘एम१’ किंवा ‘एक्स’ असल्यास तो तात्पुरता संकेतांक असतो व प्रत्येक वेतनकाळाचा हिशेब स्वतंत्रपणे होतो.

संकेतांक कालबाह्य होण्याची कारणे

दुसरी नोकरी संपणे, कंपनीची मोटार किंवा वैद्यकीय विमा यांसारखी सुविधा बंद होणे, निवृत्तिवेतन सुरू होणे, वैवाहिक सवलत मिळणे अथवा थांबणे, मागील थकबाकी फिटणे ही नेहमीची कारणे होत. नवीन नोकरीत मागील नियोक्त्याकडील ‘पी४५’ हा दाखला सादर न केल्यास कर्मचाऱ्याला प्रारंभिक माहितीपत्रक भरून द्यावे लागते. त्यात ‘अ’, ‘ब’, ‘क’ या धर्तीची तीन विधाने असून, दुसरी नोकरी किंवा निवृत्तिवेतन असल्याचे तिसरे विधान निवडल्यास ‘बीआर’ लागू होतो. माहितीपत्रकच न दिल्यास ‘०टी’ हा तात्पुरता संकेतांक लावला जातो.

काही वेळा एचएमआरसीने नवा संकेतांक काढलेला असूनही तो वेतनपत्रकात चढत नाही. नियोक्त्यास जाणाऱ्या सूचना बहुधा संगणकीय मार्गाने येतात. वेतनाची संगणकप्रणाली त्या आपोआप उतरवून घेत नसेल, तर कोणीतरी एचएमआरसीच्या नियोक्ता-खात्यात जाऊन त्या पाहणे आवश्यक असते. वेतनाचे काम बाहेरील हिशेबनिसाकडे सोपविलेले असल्यास सूचना मधल्यामध्ये राहण्याची शक्यता वाढते. राष्ट्रीय विमा क्रमांकातील चूक किंवा एकाच नोकरीची दोनदा झालेली नोंद यांमुळेही सूचना योग्य कर्मचाऱ्याच्या नावे लागत नाही.

आर्थिक परिणाम

इंग्लंडमध्ये वार्षिक ३०,००० पौंड वेतन असलेल्या व्यक्तीस ‘१२५७ एल’ लागू असल्यास वर्षाचा प्राप्तिकर ३,४८६ पौंड होतो. ‘बीआर’ राहिल्यास तो ६,००० पौंड होतो. फरक वर्षाला २,५१४ पौंडांचा, म्हणजे महिन्याला सुमारे २०९ पौंडांचा पडतो. याउलट ‘१२५० एल’ हा जुना संकेतांक तसाच राहिल्यास वर्षाचे नुकसान केवळ १४ पौंड असते. ‘११५० एल’ राहिल्यास ते २१४ पौंड होते. लहान फरक वेतनचिठ्ठीवर सहज नजरेस येत नाही व त्यामुळे वर्षानुवर्षे टिकू शकतो.

चूक उलट दिशेची असल्यास कर कमी कापला जातो व थकबाकी साचते. सप्टेंबर २०१० मध्ये एचएमआरसीने नव्या संगणकप्रणालीच्या आधारे मागील दोन वर्षांचा ताळमेळ घेतला, तेव्हा सुमारे ४३ लाख लोकांनी अधिक व सुमारे १४ लाख लोकांनी कमी कर भरल्याचे उघड झाले.

दुरुस्तीची कार्यपद्धती

प्रथम दोन नोंदींची तुलना केली जाते: वेतनचिठ्ठीवरील संकेतांक आणि एचएमआरसीकडील चालू संकेतांक. दुसरा संकेतांक कर्मचाऱ्यास आलेल्या ‘पी२’ सूचनेत, त्याच्या वैयक्तिक कर-खात्यात किंवा एचएमआरसीच्या मोबाइल ॲपमध्ये दिसतो.

दोन्ही ठिकाणी जुनाच संकेतांक असल्यास नियोक्त्याकडे मागणी करून उपयोग होत नाही, कारण कर्मचाऱ्याच्या सांगण्यावरून संकेतांक बदलण्याचा अधिकार त्याला नाही. अशा वेळी कर्मचाऱ्याने बदललेली परिस्थिती कर-खात्याद्वारे, दूरध्वनीने किंवा पत्राने एचएमआरसीस कळवावयाची असते. राष्ट्रीय विमा क्रमांक, नियोक्त्याचा पीएवायई क्रमांक, वर्षभरातील अपेक्षित वेतन व बंद झालेल्या उत्पन्नाची तारीख ही माहिती त्यासाठी लागते. त्यानंतर एचएमआरसी कर्मचाऱ्यास ‘पी२’ व नियोक्त्यास ‘पी६’ ही सूचना पाठविते. नव्या करवर्षासाठीच्या सूचनेस ‘पी९’ म्हणतात.

एचएमआरसीकडे नवा आणि वेतनचिठ्ठीवर जुना संकेतांक असल्यास मात्र प्रश्न नियोक्त्याचा असतो. कर्मचाऱ्याने वेतन विभागास लेखी कळविणे, त्यात नवा संकेतांक व त्याची तारीख नमूद करणे आणि ‘पी६’ आली आहे का हे तपासण्यास सांगणे इष्ट ठरते. केवळ ‘पी२’ ची प्रत नियोक्त्याला पुरत नाही. त्याला स्वतःच्या नावे आलेली सूचना लागते. ती सापडत नसल्यास कर्मचाऱ्याने एचएमआरसीस ती पुन्हा पाठविण्याची विनंती करावयाची असते. सूचना मिळूनही नियोक्ता दाद देत नसेल, तर तेही एचएमआरसीस कळविता येते.

नवा संकेतांक पुढील वेतनापासून लागू होतो; आधीची वेतनपत्रके पुन्हा उघडली जात नाहीत. तथापि संकेतांक संचयी असल्यास, म्हणजे वर्षारंभापासूनचा एकत्रित हिशेब धरणारा असल्यास, त्या वर्षी अधिक कापलेली रक्कम पुढील वेतनातच परत मिळते. वरील उदाहरणात सहा महिन्यांनंतर दुरुस्ती झाल्यास सुमारे १,२५७ पौंड एकरकमी परत येतात. तात्पुरत्या संकेतांकात असा मेळ घातला जात नाही.

नियोक्त्याची जबाबदारी

२००३ च्या पीएवायई विनियमांनुसार नियोक्त्याने एचएमआरसीने कळविलेल्या शेवटच्या संकेतांकानुसारच कपात करणे बंधनकारक आहे. सूचनेकडे दुर्लक्ष झाल्यामुळे कर कमी कापला गेल्यास तो प्रथम नियोक्त्याकडून वसूल केला जातो. नियोक्त्याने वाजवी काळजी घेतली होती व चूक प्रामाणिक होती असे सिद्ध झाल्यास एचएमआरसी ही रक्कम कर्मचाऱ्याकडे वळवू शकते. म्हणूनच कर्मचाऱ्याने केलेल्या लेखी पत्रव्यवहारास महत्त्व प्राप्त होते.

मागील वर्षांचा परतावा व थकबाकी

करवर्ष संपल्यानंतरची चूक नियोक्ता दुरुस्त करीत नाही. ५ एप्रिल रोजी नोकरीत असलेल्यांना ३१ मेपर्यंत ‘पी६०’ हे वार्षिक विवरण मिळते. त्यानंतर एचएमआरसी ताळमेळ घेऊन तफावत आढळल्यास बहुधा ‘पी८००’ ही गणनापत्रिका पाठविते. अधिक भरलेल्या कराचा दावा संबंधित करवर्ष संपल्यापासून चार वर्षांच्या आत करावा लागतो. ३,००० पौंडांहून कमी थकबाकी साधारणपणे पुढील वर्षाच्या संकेतांकातून हप्त्यांनी वसूल होते. पुरेशी माहिती मिळूनही एचएमआरसीने वेळेत कार्यवाही केली नसेल, तर ‘ए१९’ या सवलतीखाली विशिष्ट अटींवर थकबाकी माफ होऊ शकते.

भारतीय पद्धतीशी तुलना

भारतात १९६१ च्या आयकर अधिनियमातील कलम १९२ ने रूढ केलेल्या पद्धतीत नियोक्ता स्वतः वर्षाच्या वेतनाचा अंदाज बांधतो आणि घरभाडे, विमा इत्यादींविषयी कर्मचाऱ्याने दिलेली माहिती विचारात घेऊन करकपात करतो. त्यामुळे चुकीच्या कपातीबद्दल प्रथम कार्यालयाच्या लेखा विभागाकडे जाणे स्वाभाविक असते, आणि उरलेला फरक विवरणपत्र भरून मिटविता येतो. ब्रिटनमध्ये बहुसंख्य पगारदार विवरणपत्र भरत नाहीत. त्यांच्यासाठी संकेतांक हाच कराच्या हिशेबाचा मुख्य आधार असतो. भारतातून नोकरीसाठी तेथे गेलेल्या व्यक्तीस हा भेद विशेषतः पहिल्या वेतनाच्या वेळी जाणवतो.