प्रेक्षकाच्या आवडीची साक्ष

चित्रपटाच्या इतिहासावर जे ग्रंथ आजवर लिहिले गेले, त्यांत निर्मात्यांचीं, दिग्दर्शकांचीं व नटनटींचीं नांवें मिळतात. कोणता चित्रपट कोणत्या सालीं निघाला व किती आठवडे चालला, हेंहि मिळतें. परंतु ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप झाला, तो प्रेक्षक मात्र त्यांत क्वचितच भेटतो. तो तिकिटाचे पैसे देतो, दोन-अडीच तास अंधारांत बसतो, हंसतो किंवा डोळे पुसतो, आणि घरीं जाऊन आपल्या कामाला लागतो. तो या कलेचा अभ्यासक नसतो, रसिक म्हणून त्याची ख्याति नसते. वर्षांतून एखादा चित्रपट त्याच्या वांट्यास येतो. असें असूनहि आवडते चित्रपट कोणते, म्हणून विचारल्यास तो क्षणाचाहि विचार न करतां चार नांवें सांगतो. अशा यादीला इतिहासांत कांहीं स्थान आहे काय, हा प्रश्न आम्हीं येथें विचारार्थ घेतला आहे.

वस्तुतः आपल्याकडील कथाचित्रपटाची कहाणी एका प्रेक्षकापासूनच सुरू होते. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें दाखविण्यांत आलीं, तेव्हां लोकांनीं तीं एक नवल म्हणून पाहिलीं. पुढें १९१०-११ च्या सुमारास मुंबईंतच धुंडिराज गोविंद फाळके यांनीं ख्रिस्तचरित्रावरील एक चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असतां आपल्या मनश्चक्षूंपुढें राम आणि कृष्ण उभे राहात होते, असें त्यांनीं स्वतःच पुढें ‘नवयुग’ मासिकांत सांगितलें आहे. पत्नी सरस्वतीबाई यांना घेऊन ते तोच चित्रपट पुन्हां पाहावयास गेले. त्या दिवशीं फाळके निर्माते नव्हते, केवळ प्रेक्षक होते. आणि त्या प्रेक्षकाच्या वेडांतूनच ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. त्यांतील तारामती म्हणजे एका उपाहारगृहांत काम करणारे साळुंके नांवाचे पुरुष होते. १९१७ च्या ‘लंकादहना’त तर याच साळुंक्यांनीं राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या; आणि तरीहि राम पडद्यावर येतांच प्रेक्षक हात जोडीत, असें सांगतात. ते हात साळुंक्यांना जोडलेले नव्हते. पडद्यावर जें दिसतें आणि प्रेक्षक जें पाहतो, त्यांत अंतर असतें. आणि त्या अंतरांतच आवडीचा जन्म होतो.

हें तत्त्व आम्हांला प्रथम कोणत्याहि ग्रंथांतून उमगलें नाहीं. तें आमच्या आजीनें शिकविलें, आणि तेंहि आमच्या ध्यानांत फार उशिरां आलें. आजी शाळेंत तिसऱ्या इयत्तेपुढें गेली नव्हती. तिनें जन्मांत पाहिलेले चित्रपट दोन्ही हातांच्या बोटांवर मोजतां आले असते. पण तिच्या आवडीचीं चार नांवें ठरलेलीं होतीं: ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘शेजारी’ आणि ‘श्यामची आई’. आम्हीं लहानपणीं ही यादी शुभंकरोतीसारखी ऐकली, आणि शुभंकरोतीप्रमाणेंच तिच्या अर्थाकडे लक्ष दिलें नाहीं.

यांतील पहिले तीन चित्रपट प्रभात फिल्म कंपनीचे. ही संस्था १ जून १९२९ रोजीं कोल्हापुरांत स्थापन झाली व १९३३ सालीं पुण्यास आली. दामले आणि फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १९३६ सालचा. तो मुंबईंत सलग ५७ आठवडे चालला, आणि १९३७ सालीं व्हेनिस येथील चित्रपट-प्रदर्शनांत त्याचा गौरव झाला. तुकारामाचें काम करणारे विष्णुपंत पागनीस हे पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत असत. आजीनें हा चित्रपट लग्नानंतर थोड्याच दिवसांनीं तालुक्याच्या गांवीं, तंबूंत बसून पाहिला. आणि पुढें कित्येक वर्षांनीं दूरदर्शनवर तो लागला तेव्हां आमच्या शेजारीं बसून पुन्हां पाहिला. घरांतील पुरुषमंडळींना आठवे तें तुकोबांचें गरुडविमान. आजीला आठवे ती जिजाई. मूल आजारी पडलें म्हणून संतापून पायताण हातीं घेऊन देवळांत शिरणारी आणि प्रत्यक्ष पांडुरंगाला जाब विचारणारी ती बाई पडद्यावर आली कीं आजी पदर तोंडाला लावून हंसे. पण हंसतां हंसतां तिचे डोळे भरत.

पुढें आम्ही महाविद्यालयांत गेलों. इंग्रजी वाङ्मय हा आमचा विषय; त्याबरोबर चित्रपटकलेवरील इंग्रजी पुस्तकेंहि वाचूं लागलों, आणि त्या वयाला शोभेल अशा घमेंडीनें जगांतील श्रेष्ठ चित्रपटांची एक यादी वहींत उतरवून ठेवली. त्या यादींत रशिया होता, फ्रान्स होता, जपान होता. आजीच्या चार नांवांपैकीं एकहि नव्हतें. एके दिवशीं जेवतांना आम्हीं तिला ऐकविलें कीं, तुझा तुकाराम भाबडा आहे; कागदी गरुड आकाशांत उडवला म्हणजे कांहीं कला होत नाहीं. आजी वाढतां वाढतां थांबली आणि म्हणाली, “गरुडाचं राहूं दे. तो गेला वैकुंठाला. दुसऱ्या दिवशीं त्या पोरांना भाकरी कोणी रे घातली?” आम्हीं तो प्रश्न हंसण्यावारी नेला. व्हेनिस येथील गौरवाची हकीकत पुढें एका पुस्तकांत वाचली, तेव्हां मात्र या चित्रपटाविषयीं आमच्या मनांत एकाएकीं आदर उत्पन्न झाला. परक्या शहराची साक्ष आम्हांला पटली. घरांतली पटली नव्हती. ही गोष्ट लिहितांना आज लाज वाटते, पण ती लिहिणें भाग आहे.

‘कुंकू’ १९३७ सालचा. नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला आणि शांतारामबापूंनीं दिग्दर्शित केलेला. शांता आपटे आणि केशवराव दाते यांच्या त्यांत प्रमुख भूमिका होत्या. वृद्ध वराशीं बालिकेचा विवाह हा विषय महाराष्ट्राला नवा नव्हता. देवलांनीं १८९९ सालीं ‘शारदे’त तो रंगभूमीवर आणलाच होता, विवाहाच्या वयावर बंधन घालणारा, आणि लोकांच्या तोंडीं शारदा कायदा म्हणून बसलेला, हरबिलास सारडा यांचा कायदाहि १९२९ सालीं संमत झाला होता. पण शारदेचें लग्न मोडतें व ती वांचते. ‘कुंकू’मधील नीरेचें लग्न लागतें, आणि मग ती त्या म्हाताऱ्याची पत्नी होण्याचें नाकारते. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाहीं; घड्याळाचे ठोके, भांड्यांचा आवाज, रस्त्यावरील गलबला असे दृश्यांतलेच ध्वनि त्यांत वापरले आहेत. हें सारें आम्ही वर्गांत शिकवितों. आजीला यांतील एकहि गोष्ट ठाऊक नव्हती. ती इतकेंच म्हणे, “ती बोलली. आम्ही बोललों नाहीं.” आजोबा आजीहून अठरा वर्षांनीं मोठे होते आणि ती त्यांची दुसरी पत्नी होती, या गोष्टीचा त्या वाक्याशीं कांहीं संबंध असेल, हें आमच्या ध्यानांत आलें तेव्हां आजी या जगांत नव्हती.

‘शेजारी’ १९४१ सालीं आला. आदल्या वर्षीं लाहोरचा ठराव झालेला होता, आणि अशा वेळीं जिवबा पाटील व मिर्झा या दोन जिवलग शेजाऱ्यांची कथा प्रभातनें मांडली. दात्यांनीं पाटील रंगविला, गजानन जागीरदारांनीं मिर्झा. ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तींत तर हिंदु मित्र मझहर खान यांनीं आणि मुसलमान मित्र जागीरदारांनीं साकार केला. धरणाच्या कामावरून दुही पेरली जाते, आणि दोघे मित्र पुन्हां एकत्र येतात ते मरणाच्या क्षणीं. सहा वर्षांनीं देशाची फाळणी झाली. या चित्रपटाविषयीं आजी अधिक बोलत नसे. “तसे शेजारी आमच्या आळींत होते,” एवढें म्हणून ती कामाला लागे. ते शेजारी पुढें कोठें गेले, हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं.

‘श्यामची आई’ हा आचार्य अत्रे यांचा १९५३ सालचा चित्रपट. राष्ट्रीय पारितोषिकें १९५४ सालीं प्रथमच देण्यांत आलीं, तेव्हां सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें सुवर्णपदक त्याला मिळालें. मूळ पुस्तक सानेगुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें. चित्रपट पाहण्यास ते राहिले नव्हते. इतर प्रेक्षकांप्रमाणें आजीहि या चित्रपटानें रडली. पण आपण श्यामसाठीं रडलों नाहीं, त्याच्या आईला कधीं विसांवा मिळाला नाहीं म्हणून रडलों, असें ती आवर्जून सांगे.

आतां कोणी आक्षेप घेईल कीं, आवड ही साक्ष म्हणून विश्वसनीय नाहीं. आठवण चुकते, वयाप्रमाणें मत बदलतें. आक्षेप खरा आहे. ‘संत तुकारामा’साठीं शांताराम आठवले यांनीं तुकोबांच्या धाटणीचा एक अभंग रचला, आणि पुढें कित्येक जाणत्यांनींहि तो तुकोबांचाच समजला. प्रेक्षकाची साक्ष येथें सपशेल चुकली. परंतु ही चूकच आपणांस कांहीं सांगते. त्या चित्रपटाचें वातावरण इतकें अस्सल वाटलें कीं, नवें आणि जुनें यांतील शिवण दिसेनाशी झाली. ही माहिती तिकिटविक्रीच्या आंकड्यांवरून मिळाली नसती. आमचाहि अनुभव असाच. विद्यार्थिदशेंतील आठवणींत जिजाई म्हणजे एक कजाग बायको होती. गेल्या वर्षीं आमच्या विद्यार्थ्यांबरोबर हा चित्रपट पुन्हां पाहिला, तेव्हां दिसलें कीं त्या सबंध घराचा भार एकटी जिजाई वाहात आहे आणि ही गोष्ट दिग्दर्शकांना पुरती ठाऊक आहे. आजीचा प्रश्न चित्रपटाच्या बाहेरचा नव्हता; तो चित्रपटांतच होता. आम्हांला तो ऐकूं आला नाहीं, इतकेंच.

या साक्षीची निकड दुसऱ्याहि एका कारणानें आहे. मूकपटांच्या काळांत भारतांत सुमारे १३०० चित्रपट तयार झाले. त्यांतील पूर्ण वा अर्धवट मिळून जे आज उरले, ते अगदींच थोडे. बाबूराव पेंटर यांचा १९२० सालचा ‘सैरंध्री’ उपलब्ध नाहीं. कर्जापायीं जमीन गमावून शहराची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याची कथा सांगणारा त्यांचा १९२५ सालचा मूक ‘सावकारी पाश’ही उपलब्ध नाहीं. हीच कथा पेंटरांनीं १९३६ सालीं बोलपट म्हणून पुन्हां काढली; त्यांतील मंद प्रकाशांतली एक उदास झोपडी आणि एका कुत्र्याचें रडणें निर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या स्मरणांत कायमचें राहिलें होतें. त्या काळच्या फिती नायट्रेटच्या असत व लवकर पेट घेत. १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें व पी. के. नायर यांच्यासारख्या माणसानें जन्म वेंचून पुष्कळ कांहीं वांचविलें. तरी ८ जानेवारी २००३ रोजीं प्रभातच्याच जुन्या आवारांत, जेथें आतां चित्रपटशिक्षणाची संस्था आहे, नायट्रेट रिळांच्या कोठीला आग लागून जुनीं रिळें भस्मसात झालीं. रीळ जळतें आणि तें पाहिलेला माणूसहि एक दिवस जातो. दोन्ही गेल्यावर इतिहासकाराच्या हातीं उरतें तें फक्त नांव आणि साल.

म्हणून आम्हांस वाटतें कीं, चित्रपटाच्या इतिहासाचें एक साधन आपल्या घराघरांतून आहे आणि तें दिवसेंदिवस कमी होत आहे. वाचकांच्या घरीं कोणी वृद्ध आई, आत्या किंवा आजोबा असतील, तर त्यांना त्यांचे आवडते चित्रपट विचारावे. नांवें मिळालीं म्हणून तेथेंच थांबूं नये. त्यांत काय आवडलें, तें कोणाबरोबर पाहिलें, घरीं येतांना काय बोलणें झालें, हेंहि विचारावें. उत्तर चमत्कारिक वाटलें तरी हंसूं नये आणि दुरुस्त करूं नये. तें जसेंच्या तसें लिहून ठेवावें.

आम्हीं तें केलें नाहीं. चार नांवें व तीन-चार वाक्यें, एवढीच आजीची साक्ष आमच्याजवळ उरली आहे. त्या वहींतील आमची जगांतल्या श्रेष्ठ चित्रपटांची यादी मात्र अजून सुस्थितींत आहे. ती आतां कोणाच्या उपयोगाची नाहीं.