वाचनाची जागा मेंदूत येते कुठून?

गाडगेबाबांचा जन्म 1876 चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. बालपण गेलं मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात, मामाकडे गुरं राखण्यात. शाळा नाहीच. तरी कीर्तनातून आयुष्यभर सांगत राहिले, पोरांना शिकवा. आपल्या विद्यापीठाला नाव त्यांचंच. मग प्रश्न पडतो: ज्याला अक्षरओळख नाही, त्याच्या मेंदूत वाचनाची जागा असते का?

ही जागा सापडली ती ती बिघडल्यामुळे. 1887 मध्ये पॅरिसच्या एका गृहस्थांना अचानक वाचताच येईना. नजर शाबूत (उजवी बाजू तेवढी धूसर), बोलणं नीट, लिहिणंसुद्धा नीट. पण स्वतः लिहिलेलं स्वतःलाच वाचता येत नव्हतं! बोटाने अक्षर गिरवलं की मात्र ओळखायचे. 1892 मध्ये ते वारले. देजेरीन या डॉक्टरांनी मेंदू तपासला, तर इजा डाव्या बाजूला, मागे-खाली होती. 2000 मध्ये कोएन आणि देहान यांच्या गटाने जिवंत माणसांच्या एफएमआरआयमध्ये त्याच भागाजवळ शब्द पाहताना उठणारा प्रतिसाद दाखवला.

पण लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची. एवढ्यात उत्क्रांती खास वाचनासाठी भाग घडवू शकत नाही. म्हणजे चेहरे, वस्तू ओळखणाऱ्या दृश्यभागातच अक्षरं घर करतात. मग चेहऱ्यांची जागा कमी होते का? देहान यांच्या 2010 च्या अभ्यासात तसं थोडंफार दिसलं. त्यात 63 प्रौढ होते, पण पूर्ण निरक्षर फक्त 10. पुढे 2019 मध्ये हर्वे-एडेलमन, ह्युटिग वगैरेंनी लखनऊकडच्या खेड्यांतली माणसं तपासली. अक्षरांना प्रतिसाद वाढला, चेहऱ्यांचा घटला नाही. मला हा निष्कर्ष जास्त पटतो. तुम्ही मात्र दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाचा. आधी निकाल नको, नमुना बघा.

आपण पन्नाशीच्या माणसाला सहज म्हणून टाकतो, ‘आता कुठं शिकता?’ ह्युटिग यांच्याच गटाचं 2017 चं काम यासाठी बघावं. बहुतेक तिशीच्या आसपासच्या बाया, सहा महिने देवनागरीचे धडे. शेवटी पहिलीतल्या पोरांइतकं वाचता यायला लागलं, आणि मेंदूच्या आतल्या थॅलॅमस, मेंदूस्तंभ या भागांचा दृश्यभागाशी मेळ वाढलेला दिसला. न शिकवलेला तुलनेचा गट मात्र फक्त 9 जणांचा होता.